खुरांची माती

आमच्याकडं पाणी आधी घोडीला मिळायचं, मग माणसांना. हे मी कौतुकानं सांगत नाही. तेव्हा मला त्याचा रागच यायचा. म्हसवडच्या पुढं माळावर दादांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बांधलेल्या दोन खोल्या आणि त्यांना टेकून एक छप्पर. टँकर आला की अम्मी आणि मी घागर, डबा, हाताला लागेल ते घेऊन पळायचो, आणि पहिली बादली जायची ती छपराखाली.

अम्मी कधीतरी उखडायची. "आवं, पोरीनं चार दिस झालं डोकं धुतलं न्हाई."

"पोरगी तशीच शाळंत जाईल," अब्बा म्हणायचे. "घोडी तशी वरातीला जाईल का?"

दादांचा टांगा होता. रिक्षा आल्या, टांगा मोडला, चाकं गेली, पण घरातली घोड्याची सवय काही गेली नाही. अब्बांनी पांढरी घोडी घेतली आणि वरातीला लावली. वरात असली की घरात कालवण, नसली की बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि फारच ओढाताण झाली की भाकरी पाण्यात कुस्करून. अब्बांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अम्मी दुसरीतून घरी बसली. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि हे मी मान वर करून लिहिते, कारण माझी फी, माझी पुस्तकं, माझा एसटीचा पास, सगळं त्या घोडीच्या पाठीवरून आलं. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून ते बोलणं इकडच्या मराठीत लिहिते. घोडीला नावही आहे, पण ते घरातलं आहे. ते लिहीत नाही.

माझी बारावी झाली आणि आम्ही कडेगावच्या बाजूला आलो. हा उसाचा पट्टा. ऊस गेला की लग्नं दणक्यात होतात, आणि नवरदेवाला पांढरीच घोडी लागते. शिवाय कॉलेज जवळ. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या रानाच्या कडेला आम्हाला पत्र्याचं घर मिळालं. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात घोडी. मधे कुडाची भिंत. ती रात्री कूस बदलायची तेव्हा माझी पुस्तकांची फळी हलायची.

दिवाळी सरली की घोडीच्या अंगावर दाट, मऊ केस यायचे. थंडीसाठी देवानं दिलेलं पांघरूण. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत घोडी चकचकीत दिसायला हवी. रोज सकाळी खरारा करायचं काम माझं होतं. लोखंडी दातेरी खरारा आधी गोल गोल फिरवायचा, आतला मळ वर आणायचा, मग ब्रशनं केसाच्या दिशेनं झटकायचा. ऊन चढलं की अब्बा तिला अंघोळ घालायचे. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ, कपड्याला टाकतात तीच. नीळ टाकली की घोडी दुधासारखी दिसते.

आणि संध्याकाळी माती.

ही रीत दादांची. आमच्या माण तालुक्याच्या माळावर हिवाळ्यात हवा अशी कोरडी असते की माणसाच्या टाचा फाटतात तसे घोड्याचे खूर फाटतात. उभी चीर पडते. ती वर चढत केसांपर्यंत गेली की घोडं कामातून गेलं. म्हणून काळी माती आणि शेण पाण्यात कालवायचं आणि चारही खुरांना तळातून-बाहेरून त्याचा जाड लपका थापायचा. सकाळपर्यंत तो वाळून ढेकळासारखा गळून पडायचा. खालचा खूर मऊ, काळा, तुकतुकीत. अब्बा ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. गुडघ्याशी कालवलेल्या मातीचा टोप ठेवून, नमाजाआधी हात धुतात तितकं मन लावून, ते एकेक पाय उचलून माती भरायचे. घोडीही पाय द्यायची, मागायच्या आधीच.

कडेगावकडच्या तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी माती गळली नाही.

मी खरारा घेऊन गेले तर लपका होता तसाच ओला, गार, खुराला चिकटलेला. मी हाक मारली. अब्बा आले, त्यांनी बोटानं टोकरून पाहिलं आणि म्हणाले, "थंडी जादा हाय औंदा." दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. नंतर तर आम्ही त्याकडं बघायचंच सोडून दिलं. मी काडीनं माती काढायचे, संध्याकाळी अब्बा नवी भरायचे.

पट्ट्यात ऊस जुना, पण सुभेदारांच्या गावात, त्यांच्या रानात उपसा सिंचन योजनेचं पाणी त्याच वर्षी आलं होतं. ज्या गावानं आयुष्यभर आभाळाकडं बघितलं त्या गावात पाणी आलं, म्हणजे काय झालं हे बाहेरच्याला कळायचं नाही. सुभेदारांनी पाटाच्या पहिल्या पाण्याला नारळ फोडला. आम्हालाही पेढे दिले. आणि आमच्या भिंतीपर्यंत ऊस लावला. एवढंही रान मोकळं ठेवलं नाही. कार्तिकापर्यंत ऊस पत्र्याच्या वर गेला. आमच्या दारात सकाळचं ऊन यायचं ते बंद झालं. दिवसाही घरात संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं, आणि वारा नसला तरी पलीकडं काहीतरी सळसळत राहायचं.

मग खाली ओल दिसायला लागली. घोडीनं पाय उचलला की टापेच्या खड्ड्यात पाणी जमायचं. जरा वेळानं, वर कुणी ओतल्याशिवाय, खालून. अम्मीनं उसाचं पाचट अंथरलं. आठवडाभरात त्यावर पांढरी बुरशी आली. तिनं ते काढलं, नवं टाकलं. तेही काळं पडलं.

वास पहिल्यांदा मला आला. खुरातली घाण काढायचा लोखंडी आकडा असतो. तो मी पुढच्या डाव्या खुरात घातला तर तो खडखडला नाही, रुतला. खुराच्या तळाला मधोमध त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, तिथून काळं काहीतरी निघालं. मेलेल्या उंदरासारखा वास. हात साबणानं धुतले तरी कॉलेजात तासाला बसले असताना तो बोटांना येत होता. शेजारची मैत्रीण सरकून बसली.

खराऱ्यातही तेच. केस सुटे येईनात. पुंजके येऊ लागले, बुडाशी खपली धरून. पाठीवर, जिथं झूल बसते तिथं, हात फिरवला की कातडीखाली तांदूळ पेरल्यासारखं लागायचं. वरून मात्र घोडी शुभ्र. नीळ सगळं झाकत होती.

अब्बांनी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी पाय बघितला, पाठ बघितली, औषध दिलं आणि बजावलं, "जागा कोरडी ठेवा. पाय कोरडे ठेवा." आम्ही मान हलवली. घरी येऊन अम्मीनं नवं पाचट टाकलं, मी खुरात औषध घातलं, आणि संध्याकाळ झाली तशी अब्बांनी त्यावर माती भरली.

हे वाचून कुणाला हसू येईल. पण अब्बांच्या लेखी माती ही ओल नव्हतीच. ती दवा होती. आपण डॉक्टरला ताप सांगतो, पोट सांगतो. रोज भाकरी खातो हे कोण सांगतं? माती आमच्यात तशी होती. उलट पाय बिघडतोय म्हटल्यावर अब्बा सकाळीही माती लावू लागले. घोडी जितकी दुखायची तितकी ते जास्त करायचे. आणि घोडीनं आता पाय आपणहून देणं बंद केलं होतं. अब्बा खाली बसले की ती अंग चोरायची, भिंतीकडं सरकायची, कान मागं टाकायची.

"दुखतंय तिला," अम्मी म्हणाली.

"दवा लागती तवा दुखतंच."

कोरेगावहून नालबंद आला. अब्बांचा जुना दोस्त, तोंडानं फाटका. त्यानं पाय मांडीवर घेतला आणि थट्टा करता करता थांबला. खिळा ठोकला, काढला, दुसरीकडं ठोकला.

"गड्या, लोण्यात मारल्यागत जातोय. धरत न्हाई."

"बघ की नीट."

"नीटच बघतोय. नाल बसंल, पर किती दिस ऱ्हाईल मी सांगत न्हाई." सामान पिशवीत भरताना तो माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "शिमग्यापातूर ही घोडी उभी ऱ्हायली तर मला सांगावा धाड. पेढं घिऊन येतो."

त्याच सुमारास जनावरांचा एक व्यापारी येऊ लागला. स्वेटर घातलेला, दाढी रोज केलेला, बोलायला अतिशय मवाळ माणूस. मोटरसायकल रस्त्यावर लावून पायी यायचा. येताना घोडीला गुळाचा खडा आणायचा. कामातून गेलेली जनावरं तो घ्यायचा आणि टेम्पोत घालून राज्याच्या हद्दीपलीकडं न्यायचा. तिथं त्यांचं काय होतं हे त्याला कुणी विचारत नसे, आणि तोही सांगत नसे. पाय उचलून बघायचा नाही तो. नुसता दारात उभा राहून, घोडी कुठल्या पायावर भार टाकते तेवढं बघायचा.

"नुसता बघाया आलोय, चाचा. घाई न्हाई. मी ह्या वाटंनं जातच असतो."

घोडी त्याच्या हातातला गूळ खायची. मला ते बघवायचं नाही.

मार्गशीर्षातली एक वरात. नवरदेव चांगला अंगापिंडानं भरलेला. पुढं डीजे, मागं बायका, आणि लगाम अब्बांच्या हातात. मी सहसा जात नाही, पण त्या दिवशी अब्बा म्हणाले, चल. चौकातल्या उतारावर घोडी पुढच्या पायावर खचली. पडली नाही. अब्बांनी खांदा लावून तिला धरलं. पण नवरदेवाचा फेटा घसरला आणि पोरं खिदळली.

"चाचा, घोडी आणलीया का म्हस?" नवरदेवाचा मामा ओरडला.

बँडवाल्यातला एकजण म्हणाला, "आता नवऱ्यालाच म्हनावं, घोडीला खांद्यावर घे!"

सगळे हसले. अब्बाही हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही. नवरदेव उरलेली वाट चालत गेला. घरी येऊन झूल काढली तर तिला केसांची सबंध पट्टी चिकटून आली, आणि खालची कातडी गुलाबी, ओली, जागोजागी रक्ताचे ठिपके. अब्बांनी झूल तशीच हातात धरून ठेवली. मग व्यापाऱ्याला फोन लावला.

"म्हसवडला जाऊन येतो," ते म्हणाले. "आलो की या."

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. फार काही नसावं. फोन लगेच ठेवला.

म्हसवडला का, ते अम्मीनं ओळखलं. घोडी तिथल्याच माळावरची. सिद्धनाथाच्या जत्रेत ती शिंगरू असताना अब्बांनी घेतलेली. अम्मी एवढंच म्हणाली, "आजारी लेकीला माहेर दावून आनत्यात, तसं." मग तिलाच ते बोलणं सोसेना, आणि ती चुलीकडं गेली.

टेम्पोतून गेलो. जुन्या घरात आता फुफी राहते, अब्बांची मोठी बहीण. एकटी, विधवा, जीभ विळ्यासारखी. त्या वर्षी तिकडं पाऊस हुलकावणी देऊन गेला होता, हिवाळ्यातच टँकर सुरू झालेले. दादांच्या छपराखालची जमीन मुरमाची, टणक, पांढरी. घोडी उतरली, खाली हुंगली, आणि उभी राहिली.

संध्याकाळी अब्बा टोप घेऊन पाणी मागायला गेले. फुफीनं टोपाकडं पाहिलं.

"कशाला?"

"खुराला माती लावायची."

"मला प्यायला टँकर, आन तुझ्या घोडीला चिखलाची मेंदी?"

"आपल्या बाचीच रीत हाय ही, आपा."

"बाच्या येळंला आडात पानी व्हतं. आता बा बी न्हाई आन पानी बी न्हाई. प्यायला दीन तिला, हवं तेवढं दीन. पायावर वताया थेंब मिळायचा न्हाई."

अब्बा चिडून बाहेर गेले. मला वाटलं, शेजारून आणतील. पण शेजारी तरी कुठून देणार? टोप तेव्हापासून ओट्यावर उपडाच पडून होता. अंघोळ तर दूरच. घोडी दिवसभर उन्हात उभी असायची, मातीत लोळायची, उठून अंग झाडायची. नीळ उतरली आणि तिचा खरा रंग दिसू लागला, जुन्या सुती चादरीसारखा पिवळट. मी तिच्या पाठीला करंजाचं तेल चोळायचे, खुरात आकडा घालून डॉक्टरांचं औषध सोडायचे. दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं. रोज व्यापाऱ्याचा एक मिस्ड कॉल यायचा. एकच. अब्बा फोनकडं बघायचे आणि खिशात टाकायचे.

मग पंधरवड्यानं एका सकाळी आकडा खडखडला.

मला वाटलं, खडा असेल. पुन्हा फिरवला. पुन्हा तोच कोरडा आवाज. मी वाकून वास घेतला. काहीच आला नाही. थंडीनं माझं नाक चोंदलंय असं वाटून मी अम्मीला बोलावलं. तिनं खुराला हात लावला, तळवा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाली, "न्हाई की गं."

अब्बा पायरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आमच्या घरात बापाशी असं बोलत नाहीत. पण मला गोलगोल बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"अब्बा, औषध तिथंही तेच होतं. इथं फक्त माती न्हाई."

अब्बा उठून माळाकडं चालत गेले, पार दिसेनासे झाले. अम्मी म्हणाली, "कशाला बोललीस गं?" फुफी म्हणाली, "बरं बोलली." उन्हं कलली तेव्हा ते आले. सरळ घोडीजवळ गेले आणि खाली बसले. टोप नव्हता, माती नव्हती. घोडीनं जरा वाट बघितली आणि पाय उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

तो पाय धरून, आमच्याकडं न बघता ते म्हणाले, "माझ्या बाला कडेगावची ओल ठावी नव्हती."

आम्ही परत आलो ते तिला फुफीकडं ठेवून. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझ्याबी संगं कुनीतरी बोलाया हवं." इकडं मी सुभेदारांकडं गेले. अब्बा जाणार नव्हते. ज्यानं घर दिलं त्याला काय सांगायचं, म्हणाले. मी सांगितलं, भिंतीकडच्या सऱ्या मोडा आणि चर काढा.

"पोरी," सुभेदार म्हणाले, "ह्या पाण्यासाठी माझा बा रडत मेला. आन तू म्हणतीस पाणी लांब न्या?"

"पाणी ऱ्हाऊ द्या. आमच्या घराखालनं काढा. तुमी एकदा आत येऊन उभं ऱ्हावा, मग काय ते बोला."

ते आले. बूट घालूनच आले. रिकाम्या छपरात मधोमध उभे राहिले, कुडाच्या भिंतीवर कंबरेपर्यंत चढलेली काळी ओल बघितली. पाऊल उचललं तर बुटाच्या ठशात हळूहळू पाणी भरलं. ते त्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "आरं तिच्या मायला. ही तर माझ्या बी घरात येणार." त्यांचं घर आमच्यापासून हाकेवर होतं.

भिंतीकडचा ऊस तोडला. खोल चर निघाला, ओढ्यापर्यंत. आम्ही जमीन उकरली, दगड भरले, वर मुरूम टाकून चोपला. मुरूम माणचाच हवा असा हट्ट अब्बांनी धरला नाही, पण ट्रॉलीतला पहिला ढीग मुठीत घेऊन, चोळून, हुंगून पाहिला. पाचट आता आधी उन्हात वाळवून मगच अंथरलं जातं. अंघोळ बंद. थंडीत फक्त खरारा, आणि झूल रोज उन्हात. पुढं पहिल्याच वरातीवाल्यानं विचारलं, घोडी पिवळी का दिसते? अब्बा म्हणाले, "घोडी हाय ती, चादर न्हाई."

घोडी म्हसवडहून परत आली आणि दुसऱ्याच दिवशी व्यापारी दारात. स्वेटर तोच, गूळ तोच. आमची वाट बघत तो कुठं असतो, त्याला कळतं कसं, हे मला आजही माहीत नाही.

अब्बांनी घोडीचा पुढचा डावा पाय उचलला. "या. वास घ्या."

"राहू द्या, चाचा."

"घ्या म्हनतो न्हवं."

त्यानं वाकून वास घेतला. मग खुरावर बोटानं टकटक केलं, दारावर करतात तसं. "बरं हाय," म्हणाला. गुळाचा खडा पुन्हा कागदात बांधला आणि खिशात ठेवला. तो अजूनही त्या वाटेनं जातो. आमच्या दाराशी आला की मोटरसायकल जरा हळू होते. चरातलं पाणीही आटलेलं नाही. हिवाळ्यात पाट सुटला की मी अजून भिंतीला तळवा लावून बघते.

शिमग्याला नालबंदाला सांगावा धाडला. तो आला, पण पेढे विसरला.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. घोड्याचा खूर वरून खाली वाढतो; सडलेला भाग हळूहळू खाली सरकत, कापला जात, पुढच्या दिवाळीपर्यंत संपला. घोडी विकली गेली नाही. ती आमच्याच दारात आहे, आणि चारही पायांवर सारखा भार टाकून उभी राहते.